तळमजल्याने बांधलेलं स्वयंपाकघर

लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला समुद्रकाठी घर मिळालं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? नशीब काढलं बाईने, असंच ना? लाँड्रीच्या मालकीणबाईही तेच म्हणाल्या. मग ते घर कॉम्प्युटरमधलं आहे हे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि चादरींचा पुढचा ढीग तिच्याकडे सरकवला. लोकांचं हे असंच असतं. जे हाताला लागत नाही त्याची त्यांच्या लेखी किंमत शून्य. आणि ते गेल्यावर माणूस का रडतो, हेही मग त्यांना उमगत नाही.

तर ही त्या बाईची गोष्ट. तिला सगळे इस्त्रीवाली म्हणायचे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेच्या मोठ्या इस्त्रीपाशी तिचं अर्धं आयुष्य गेलं. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे पांढरे कोट, कुणाकुणाचे लग्नातले सूट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते, आणि ते कुणी विचारले तर ती म्हणायची, हे माझे दागिने. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला गप्प करणारी. अंगात रग होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि तो तिच्या वरताण होता. तोंडाने फटकळ, हाताने कसबी, आणि घरातला गळका नळ सोडून जगातलं सगळं दुरुस्त करून देणारा. त्या नळावरून दोघांची रोज जुंपायची.

मग एक दिवस एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यावर काम करताना लिफ्टवाल्याचा पाय निसटला आणि तो खाली पडला. जिवावर आलं ते पाठीवर निभावलं, असं लोक म्हणाले. लोकांना बोलायला काय जातं. कमरेखाली सगळं शरीर निकामी झालं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग टाकला, आणि तो गडी त्या पलंगावर पडला तो पडलाच. घर जुनं, बोळ अरुंद. बोळातून स्वयंपाकघराकडे वळताना अशी काही कोंडी होती की चाकांची खुर्ची तिथे अडकायची. दोनदा प्रयत्न केला, एकदा भिंतीचा पोपडा निघाला आणि एकदा त्याची बोटं चेंगरली. त्यानंतर त्याने नाद सोडला. म्हणजे बघा, स्वतःचं स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, भांड्यांचा आवाज येतोय, नळ टपटपतोय, चहाचा वास येतोय, आणि हा माणूस पुन्हा कधी त्या खोलीत जाऊ शकला नाही.

त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, एका ऑफिसात कामाला. तिने बाबांचा वेळ जावा म्हणून आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि ते ऑनलाइन जग दाखवलं. तिथे जगभरातली माणसं एकेक बाहुली होऊन फिरतात. हिंडायचं, घरं बांधायची, भेटेल त्याच्याशी लिहून गप्पा मारायच्या. जिंकणं नाही, हरणं नाही. लिफ्टवाल्याने आधी नाक मुरडलं. पण त्याची बाहुली उठून चालायला लागली, जिना चढली, तसा त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. मुलीने विचारलं, नाव काय ठेवायचं? तो म्हणाला, "तळमजला." मुलीला वाईट वाटलं, तर हाच हसत सुटला. पडलो तर शेवटी तिथेच आलो ना, मग नाव तेच बरं.

इस्त्रीवालीला आधी या प्रकाराचा संतापच आला. दिवसभर लोकांच्या चादरी सरळ करायच्या, घरी येऊन याचं सगळं करायचं, आणि वर बाहुल्या नाचवायच्या? पण त्याने पिच्छा पुरवला. मुलीकडून एक जुना कॉम्प्युटर पलंगाशेजारच्या टेबलावर मांडून घेतला, परस्पर हिचं नाव नोंदवलं, आणि नाव काय ठेवलं, तर सुरकुती. म्हणे जन्मभर ज्यांच्या मागे लागलीस त्यातलीच एक होऊन बघ. ती चिडली, हसली, आणि बसली. तिथून रोजचा परिपाठच झाला. खोलीत दोघं एकमेकांशेजारी, तो आडवा आणि ती खुर्चीत. आणि तिकडे तळमजला आणि सुरकुती झाडांखालून हिंडताहेत, नाल्यावरून उड्या मारताहेत.

आणि एक गंमत सांगायची राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला ती अहोच म्हणायची. तिची आई म्हणायची, सासू म्हणायची, म्हणून तीही. तिकडे लिहिताना तिने एकदा घाईत लिहून टाकलं, अरे थांब ना जरा. लिहिलं आणि जीभ चावली. लिफ्टवाल्याने पलंगावरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. तेव्हापासून खोलीत अहो आणि तिकडे अरे. कधी कधी तर खोलीतलं भांडण ती तिकडे जाऊन करायची, कारण अरे म्हणून भांडायला जास्त मोकळं वाटायचं.

तिथे घर मिळायचं ते सभासदाला. लिफ्टवाल्याने घर घेतलं ते बायकोच्या नावावर. खऱ्या जगात कधी घर घेता आलं नाही, इथे तरी तुझ्या नावावर असू दे, म्हणाला. झाडीतलं छोटं घर होतं, ते जग चालवणाऱ्या कंपनीने दिलेलं, आतून रिकामं. आत काय करायचं ते ज्याने त्याने करायचं. तिला वाटलं, आता हा दिवाणखाना सजवेल, कारंजी बसवेल. लिफ्टवाल्याने कितीतरी दिवस तिला आत येऊच दिलं नाही. मग एका संध्याकाळी बोलावलं. ती दार ढकलून आत गेली आणि बघते तर काय, त्यांचं स्वयंपाकघर.

पण कसलं स्वयंपाकघर! खिडकी भलत्याच भिंतीला. कपांची फळी नको इतकी खाली. शेगडीला दोनाऐवजी तीन बर्नर. मूठ तुटली म्हणून कधीच टाकून दिलेली किटली तिथे अख्खी, मुठीसकट. साखरेचा डबा तिने मध्यंतरी वरच्या कप्प्यात हलवला होता, तो इथे जुन्याच जागी. भिंतीवरचं कॅलेंडर तो पडला त्या महिन्याचं. आणि नळ गळत नव्हता. तिने आल्या आल्या चुका काढायला सुरुवात केली. अरे खिडकी इकडे नाही, तिकडे. फळी एवढी खाली असती तर माझं डोकं नसतं का आपटलं? तो म्हणाला, "मला आठवतं तसं आहे. तिसरा बर्नर माझ्यातर्फे." मग तळमजल्याने शेगडी पेटवली, किटली ठेवली, आणि सुरकुतीला स्टुलावर बसवून चहा केला. खऱ्या घरात या माणसाने उभ्या आयुष्यात चहाचं आधण ठेवलं नव्हतं. पलंगापाशी खुर्चीत बसलेल्या इस्त्रीवालीच्या डोळ्यांना धार लागली, आणि लिफ्टवाल्याला दिसू नये म्हणून ती खरोखरीच चहा करायला उठून गेली.

याच दरम्यान तिथे बोलवा उठली की कंपनी समुद्रकाठी नवं गाव वसवणार आहे. पांढरी घरं, लाकडी धक्का, दीपस्तंभ, ओसरीसमोर थेट पाणी. चित्रं आली आणि लिफ्टवाल्याच्या डोक्यात समुद्र शिरला. लग्नानंतर दोघांचं समुद्रावर जायचं ठरलं होतं. आधी रजा नव्हती, मग मुलगी लहान होती, मग सासूचं आजारपण, आणि मग तो पलंग. किनारा उघडला की पहिलं घर आपलं, तो म्हणायचा. हे स्वयंपाकघर उचलायचं आणि तिथे मांडायचं, खिडकीतून लाटा बघत चहा प्यायचा. तिच्याकडून त्याने शब्दच घेतला. मला उशीर झाला तर तू पुढे जाऊन जागा धर, एवढं त्याने हसत सांगितलं होतं. पण त्याच्या पाठीच्या जखमांनी दगा दिला. ताप आला, छाती भरली, आणि किनारा उघडायच्या आतच लिफ्टवाला गेला.

मुलगी आली, सगळं निस्तरलं. बाबांचा फोन बंद केला, आता कोण वापरणार म्हणून. लॅपटॉप मोडीत निघाला होता, तो भंगारात दिला. आई, तू माझ्याकडे चल, म्हणाली. इस्त्रीवाली गेली नाही. कारण विचारलं तर कामाचं सांगितलं. खरं कारण टेबलावर होतं. रोज कामावरून आली की ती कॉम्प्युटर लावायची आणि सुरकुती झाडीतल्या घरात शिरायची. तळमजला नव्हता, पण त्याचं स्वयंपाकघर होतं. ती स्टुलावर बसायची. किटली त्याने अशी काही केली होती की कुणी बसलं की तिच्यातून वाफ निघायची. भलत्या भिंतीची खिडकी बघायची, खाली आलेली फळी बघायची. पूर्वी ज्याच्यावर तोंड सोडायची, त्या एकेका चुकीपाशी आता तिचा जीव घोटाळायचा. या माणसाने पलंगावर पडल्या पडल्या, नुसत्या आवाजांवरून आणि आठवणीवरून, तिच्या दिवसभराच्या जागेचा असा विचार केला होता. त्याचं डोकं तिथे जसंच्या तसं मांडून ठेवलेलं होतं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

आणि मग किनारा उघडणार अशी घोषणा झाली.

तिथल्या शेजारात एक पाणघोडा होता. म्हणजे बाहुली पाणघोड्याची. मागे माणूस कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं, पण होता जिवाला जीव देणारा. त्यानेच येऊन बातमी दिली आणि नियमही सांगितला. एका सभासदाला एकच घर. नवं हवं तर जुनं सोडावं लागतं.  इस्त्रीवाली म्हणाली, मग मला नको समुद्र. पाणघोड्याने समजूत घातली, अगं तुझ्या माणसाला शब्द दिलायस ना? तिने विचारलं, "आणि सामान? स्वयंपाकघराचं काय होतं?" पाणघोडा म्हणाला, "घर सोडलं की सामान आपोआप आपल्या पेटीत येतं. मी कितीदा घरं बदललीत, एक चमचासुद्धा हरवला नाही." पेटी म्हणजे तिथे प्रत्येकाची आपल्या वस्तू ठेवायची जागा. आता यात पाणघोडा खोटं बोलला का? मुळीच नाही. तो एकटा जीव, त्याचं सगळं सामान त्याने स्वतः केलेलं. त्याचं त्याच्याकडे येत होतं. दुसऱ्याच्या हातच्या सामानात राहणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

किनारा उघडायच्या दिवशी मालकीणबाईंना पोटदुखीचं सांगून ती अर्ध्या दिवसाने घरी आली. दुपारी घरं उघडली आणि उघडल्याबरोबर झुंबड उडाली. पान उघडावं तर घरं संपलेली, पुन्हा उघडावं तर पुन्हा तेच. तिचं बोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि एवढ्यात एक घर दिसलं. पहिल्या रांगेतलं, ओसरीसमोर पाणी. खाली प्रश्न होता, जुनं घर सोडून हे घर घेणार का? उत्तराला वेळ जेमतेम. हजारो लोक टपलेले. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं आणि तिने होय दाबलं. बस्स. एवढंच तिने केलं. पुढे जे काही झालं ते सगळं या एका होयमुळे.

सुरकुती समुद्रकाठी उभी राहिली. लाटा येत होत्या, पक्षी ओरडत होते, कुणीतरी शेजारी धक्क्यावर नाचत होतं. इस्त्रीवाली त्या रिकाम्या खोलीत बसून मोठ्याने म्हणाली, "आलो बघा आपण." कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मग तिने पेटी उघडली. त्यात दोन उशा होत्या, एक पायपुसणं होतं आणि पडदे होते. हे तिने स्वतः तिथल्या दुकानातून घेतलेलं. स्वयंपाकघर नव्हतं. येईल, वेळ लागत असेल, म्हणून ती थांबली. तिने पेटी बंद केली, उघडली, कॉम्प्युटर बंद करून लावला. झाडीतल्या घराकडे धावत गेली, तर तिथे कुणी नवीन जोडपं आधीच खुर्च्या मांडत होतं.

पाणघोड्याने चौकशी केली आणि त्याच्या लक्षात आलं. तिथे वस्तू घरमालकाची नसते, ज्याने केली त्याची असते. घर सुटलं की कंपनी जागा साफ करते आणि एकेक वस्तू तिच्या कर्त्याच्या पेटीत धाडते. स्वयंपाकघर सगळंच्या सगळं तळमजल्याच्या पेटीत गेलं होतं. त्याने हे इस्त्रीवालीला सांगितलं. अहो, हे तिला कळायला नको होतं? लाँड्रीत दुसरं काय करत होती ती रोज? एकाच पिशवीतून चार घरांचे कपडे आले तरी प्रत्येक कपड्याला आतून चिठ्ठी टाचलेली असते, आणि कपडा पिशवीवाल्याकडे जात नाही, चिठ्ठीवाल्याकडे जातो. नवी मुलगी चुकली की हीच तिला फैलावर घ्यायची. आणि स्वतःच्या घराच्या वेळी, मेली, चिठ्ठी बघायचीच राहिली. तिने स्वतःलाच तोंडात मारून घेतलं. खरोखर, फाडकन.

पण आशा वाईट. तळमजल्याच्या पेटीत आहे म्हणजे आहे तर खरं. तळमजला होऊन आत शिरलं की झालं. पासवर्ड तिला ठाऊक होता, लिफ्टवाल्याने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. तिने त्याचं नाव घातलं, पासवर्ड घातला. समोर आलं, मशीन नवीन दिसतं, तुमच्या फोनवर आकडे पाठवले आहेत, ते लिहा. फोन म्हणजे लिफ्टवाल्याचा नंबर. मुलीने बंद केलेला. मग तिने त्या नंबरला फोन लावून पाहिला, आणि तिकडून एका बाईने उचलला. नंबर आता तिला मिळाला होता.

इस्त्रीवालीने जमेल तसं सांगितलं. माझ्या नवऱ्याचा नंबर होता हा, तो गेला, आता तुम्हाला एक निरोप आला असेल, त्यातले आकडे तेवढे सांगा. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, लाज वाटू द्या. मेलेल्या माणसाच्या नावाने लुबाडता?" आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. तिला तरी काय दोष द्यायचा? बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळे घसा फोडून सांगतात, आकडे कुणाला सांगू नका. असा फोन तिला आला असता तर कदाचित इस्त्रीवालीनेही हेच केलं असतं. पण त्या संध्याकाळी ती बोळात भिंतीला टेकून बसली आणि लहान मुलीसारखी हमसाहमशी रडली.

मुलीला फोन केला. मुलगी आधी वैतागली, आई, खेळ आहे गं तो, नवीन बांधून घेऊ. मग आईचा आवाज ऐकून नरमली. म्हणाली, कंपनीला रीतसर लिहिते मी, खरं काय ते सांगितलं की माणसं ऐकतात. तिने चांगलं लिहिलं. वडील वारले, त्यांनी आईसाठी केलेलं सामान त्यांच्या पेटीत अडकलंय, कृपा करून आईच्या पेटीत टाका. पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला जोडला. आईने वाचून पाहिलं, होकार दिला. दोघींनाही वाटलं, आता काम झालंच.

उत्तर आलं ते अगदी गोड. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. सामान कर्त्याखेरीज कुणाला देता येत नाही. आणि सभासद हयात नसल्याचं आपण कळवल्यामुळे, नियमाप्रमाणे त्यांचं खातं आणि पेटी कायमची बंद करण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता ते पाच चांदण्यांपैकी सांगा.

मुलीने ते फोनवर वाचून दाखवलं आणि मध्येच तिचा आवाज फुटला. आई, मी लिहायलाच नको होतं.  आईने कॉम्प्युटर लावून ओळखीच्या लोकांची नावं उघडली. त्यात तळमजला हे नाव रोज असायचं, करड्या अक्षरांत, बाहेर गेला आहे अशा खुणेचं. ती रोज ते बघायची, कुणाला सांगायची नाही. बाहेर गेला आहे म्हणजे बाहेर गेला आहे, त्यात काय खोटं होतं? आता तिथे पाणघोड्याचं नाव होतं आणि खाली काही नव्हतं. नवऱ्याला स्मशानात पोचवताना ती ताठ उभी राहिली होती. आता मात्र खुर्ची धरून बसावं लागलं. खरं सांगून दोघींनी मिळून त्याला दुसऱ्यांदा घालवलं, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं पुढे कुणी कितीही समजावलं तरी गेलं नाही.

त्यानंतर ती कामाला जात राहिली. चादरी यायच्या, जायच्या. एकदा इस्त्री खाली करून ती तशीच उभी राहिली, कोट जळाला, मालकीणबाईंनी काही न बोलता तो बाजूला ठेवला. समुद्रकाठचं घर रिकामंच होतं. पाणघोडा तोंड चुकवत फिरायचा. शेवटी एक दिवस त्यानेच येऊन लिहिलं, मी तुला बांधायला शिकवतो, आपण पुन्हा करू. तिला ते पटलं. आपल्याला तर त्या खोलीचा कोपरान् कोपरा पाठ आहे, असं तिला वाटलं. भिंत कशी उभी करायची, फळी कशी ठोकायची, सगळं शिकली. हात कष्टाचा होता, पटकन बसला. रोज कामावरून येऊन थोडं थोडं करायची. जेवण राहायचं, फोन राहायचे.

खिडकी केली. झाल्यावर बघते तर ती खऱ्या घरात असते त्याच भिंतीला. अगं बाई, म्हणून काढली, दुसऱ्या भिंतीला लावली. पण दुसऱ्या म्हणजे कुठल्या? समोरच्या की डावीकडच्या? ती डोळे मिटून आठवायला लागली आणि डोळ्यांपुढे आली ती रोजची खिडकी, जिच्यातून ती रोज शेजारची भिंत बघते. फळी खाली घेतली. किती खाली? त्याला सांगत होती ना, डोकं आपटेल म्हणून. तेवढं आठवलं, उंची आठवेना. साखरेचा डबा पूर्वी नक्की कुठे होता, खालच्या कप्प्यात की शेगडीशेजारी? तिने जिथे जिथे हात घातला तिथे खरं स्वयंपाकघर आडवं यायचं. तिला ते रोज वापरावं लागत होतं ना. रोजच्या वापराने त्याचं ते चुकलेलं घर तिच्या डोक्यातून घासून घासून निघून गेलं होतं. चुकायचं कसं, तेच तिला येईना. तिसरा बर्नर तेवढा तिने आठवणीने बसवला, आणि तो इतका परका दिसायला लागला की रागाच्या भरात काढून टाकला.

तरी तिने काम पुरं केलं. अर्धवट सोडायची सवयच नव्हती. मुलगी सुट्टी काढून आली होती. आईचं एवढं चाललंय तर बघू तरी, म्हणून खुर्ची ओढून शेजारी बसली. सुरकुतीने दार ढकललं. मुलीने पडद्यावर पाहिलं, मग बोळातून आत जाऊन खऱ्या स्वयंपाकघरात एक नजर टाकून आली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आई, कमाल केलीस. अगदी हुबेहूब. जरासुद्धा फरक नाही."

इस्त्रीवाली बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. खिडकीतून समुद्र दिसत होता, लाटा एकामागून एक येत होत्या. मुलगी आईचा हात हातात घेऊन बसली. आई आता रडेल, हसेल, काहीतरी बोलेल, म्हणून वाट बघत होती.

"हुबेहूबच आहे," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे हे माझं झालं. त्यांचं नाही झालं."

 आईने घर सोडण्याची खूण उघडली. खरंच सोडायचं का, असा प्रश्न आला. मुलगी म्हणाली, थांब, घाई करू नकोस, एवढं कष्टाने मिळालेलं. आईने होय दाबलं. समुद्र गेला, घर गेलं, आणि पुढच्याच क्षणी ते कुणीतरी घेतल्याचंही दिसलं. इस्त्रीवालीने पेटी उघडली. खिडकी, फळी, दोन बर्नरची शेगडी, साखरेचा डबा, सगळं ओळीने आत आलेलं होतं. तिने एकेक करून पाहिलं. या वेळी काहीसुद्धा हरवलं नव्हतं.